माय थांबायची तेवढा वेळ

१

रविवारी दुपारी एकला मी भात लावायचो. इंग्लंडात, लीड्समधल्या एका घरात वरच्या मजल्यावर माझी खोली होती आणि खोलीच्याच कोपऱ्यात एक गॅसची शेगडी. शनिवारी कपड्यांची पिशवी घेऊन धुण्याच्या दुकानात जाऊन यायचं, रविवारी डाळभात करायचा आणि जेवण झालं की मायची कॅसेट लावायची, असा माझा नेम. बाकीची हिंदुस्थानी पोरं रविवारी एकमेकांच्या खोलीवर जमून पत्ते कुटायची. मलाही बोलवायची, पण मी टाळायचो. हा नागसेन अगदीच घुम्या आहे म्हणायची. असेन. पण आठवड्यातून एकदा माझ्या गावचं, बेंबळीचं बोलणं कानावर पडलं नाही, तर सोमवारी माझ्या तोंडून इंग्रजीही धड निघायचं नाही.

मी तिथं भूजल शिकायला गेलो होतो. विहिरीला पाणी कुठं लागेल आणि किती दिवस पुरेल, ते मोजायचं शास्त्र. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होतो. वडील आधीच वारले होते. माय दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जायची, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन यायची आणि आल्या आल्या खोकत बसायची. त्या खडीवर मी शिकलो. पुढं सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८२ च्या सप्टेंबरात आमच्या वस्तीनं मला हार घालून एसटीत बसवलं. दोन वर्षांचा अभ्यास होता. अर्धवट सोडून आलो तर शिष्यवृत्तीही जाणार आणि पदवीही.

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रं दाजी लिहायचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अयोध्याअक्काचे यजमान कोंडीराम. ते गावच्या दूध संस्थेत फॅट मोजायच्या कामावर होते. दाजींचं पत्र म्हणजे 'सर्व कुशल, मातोश्रींचा आशीर्वाद' आणि खाली सही. मी चिडून लिहिलं, यापेक्षा कोरा कागद धाडा. मग त्यांनी शक्कल काढली. सभासदांना जनावरांच्या निगेची माहिती ऐकवायला संस्थेत एक टेपरेकॉर्डर होता. जुन्या झालेल्या कॅसेटींवर दाजी मायचं बोलणं भरून घेऊ लागले. त्यामुळं मायचं बोलणं संपलं, की लगेच एक डॉक्टरसाहेब गाईच्या कासेला सूज आली तर काय करावं, ते सांगायला लागायचे. मला तेही गोड लागायचं.

२

पहिली कॅसेट डिसेंबरात आली. माय सुरुवातीलाच म्हणाली, "नागू, जेवलास का रं?" आणि गप्प झाली.

मला वाटलं, टेप बिघडली. पण मागं कोंबड्या ऐकू येत होत्या आणि गावातल्या पिठाच्या गिरणीची पुकपुक चालू होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बरं. थंडी लई पडती म्हनं तिकडं?" आणि पुन्हा गप्प.

दोनतीन वेळा असं झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पोट धरून हसलो. मायनं एकदा उस्मानाबादच्या तार ऑफिसात कुणालातरी ट्रंककॉलवर बोलताना पाहिलं होतं. आपण बोलायचं, मग गप्प राहायचं, तेवढ्यात पलीकडचा माणूस बोलतो, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. टेपरेकॉर्डर म्हणजे तसलंच काहीतरी, असा तिचा समज. म्हणून ती प्रश्न विचारून माझ्यासाठी जागा सोडत होती. सगळ्या जागा सारख्या, मनातल्या मनात दहा मोजल्यासारख्या.

मी हसत हसत उत्तरं द्यायला लागलो. जेवलो माय. व्हय, लई थंडी. न्हाय, आजारी न्हाय. खोलीत एकटाच असल्यामुळं लाज वाटायचं काही कारण नव्हतं. फेब्रुवारीतली दुसरी कॅसेटही तशीच होती. आठवड्यातली ही माझी सगळ्यात सुखाची घटका झाली.

३

तिसरी जूनमध्ये आली.

"नागू?"

"ओ."

"जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलू नगंस. पाव खाऊन बसलायस."

मी खरोखरच पाव खाऊन बसलो होतो. सकाळपासून अभ्यासाला जुंपून घेतलेलं, भाताचा कंटाळा केला होता. पण मी लगेच स्वतःची समजूत घातली. पावाबद्दल मी पत्रातून इतकं रडलो होतो, की कुठल्याही आईनं हेच म्हटलं असतं. पोराचं खोटं तिला पाठ असतं. तशा रंगात येऊन मी विचारलं, "अक्का कशी हाय?"

माय म्हणाली, "बरी हाय की. ही काय, हितंच बसलीया बटन धरून."

त्यावर मी हसलो नाही. कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली. शब्द तेच. तिसऱ्यांदा लावली, मुद्दाम दुसरंच काहीतरी विचारलं, तरी ती तेच म्हणाली, बरी हाय की, हितंच बसलीया. म्हणजे टेप काही बदलत नव्हती. टेप बदलेल कशी? तिच्यावर जे होतं ते बेंबळीतच, मी ऐकायच्या कितीतरी आधी भरलेलं होतं. मी पहिल्यांदा जे बोललो, त्याच्याशी ते जुळत होतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. मधल्या जागा आता सारख्या नव्हत्या. काही घोटभर पाणी पिण्याइतक्या, काही लांबलचक.

४

मी शास्त्र शिकत होतो, तेव्हा शास्त्राप्रमाणे वागायचं ठरवलं. विहिरीतून पाणी उपसून पातळी किती वेळात चढते ते मोजायला आम्हाला एक थांबघड्याळ दिलेलं होतं. ऑगस्टात चौथी कॅसेट आली, तेव्हा मी ते टेबलावर ठेवलं.

खरं तर सरळ उपाय होता. गप्प बसून ऐकायचं. पण तिनं 'नागू' म्हटलं की माझ्या तोंडून 'ओ' जायचीच. आमच्यात आईनं हाक मारल्यावर ओ न देणं म्हणजे थोबाडीत खायची वेळ. सव्वीस वर्षांची सवय घड्याळाला भीक घालत नाही.

"काय शिकवतेत रं तुला?" तिनं विचारलं.

मी घड्याळाचं बटण दाबलं आणि सांगत सुटलो. खडकातल्या भेगा, पाण्याचा झिरपा, आपल्याकडचा मुरूम, काळ्या दगडाखाली पाणी का लपतं. मुद्दाम लांबण लावली, कारण इतका वेळ माय गप्प बसूच शकत नाही. मी थांबलो. घड्याळात एक मिनिट बत्तीस सेकंद झाले होते.

"बास," माय म्हणाली. "आयकूनच धाप लागली मला." आणि हसली. हसता हसता खोकली.

मी खुर्चीत मागं रेललो. भ्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला रडू फुटलं आणि ते आनंदाचं होतं. सात समुद्रापलीकडे माझी माय मला ऐकत होती. हे कसं होतं, ते मला कळत नव्हतं, पण कळून तरी काय करायचं होतं? मी तिला सगळं सांगितलं. वर्गात माझ्या उच्चारांना हसतात ते सांगितलं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते तेही सांगितलं, जे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. ती मध्ये मध्ये "व्हय का" म्हणत होती, बरोबर जिथं म्हणायचं तिथं.

नोव्हेंबरातल्या पाचव्या कॅसेटीत ती म्हणाली, "ऊन लई तापलंय बाबा. पत्रा नुसता भाजाया लागलाय."

नोव्हेंबरात? मी म्हटलं, दिवाळीनंतर कसलं ऊन, माय? ती काही बोलली नाही. मागं तीच गिरणी पुकपुकत होती, पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, पण डिसेंबरातल्या त्या कोंबड्या नव्हत्या. जूनपासूनच्या सगळ्या कॅसेटींत गिरणी आणि चिमण्याच होत्या, हे मला तेव्हा आठवलं. कॅसेट बोटीनं आली असेल, कुठंतरी पडून राहिली असेल, असं म्हणून मी विषय मिटवला. मिटवायचाच होता.

५

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, मिसेस पिकरिंग. विधवा, साठीची, बोलायला कमी. एका रविवारी मी चहाचं भांडं धुवायला खाली गेलो, तर ती जिन्यातच उभी होती.

"तुझी आई आलीय का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, टेप आहे. गावाहून येते.

"पण तुम्ही दोघं बोलत होतात. हसत होतात."

मी म्हटलं, मी आपला गंमत म्हणून उत्तरं देतो. ती एक पायरी वर आली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला तुमची भाषा कळत नाही. पण श्वास कळतो. माझ्या नवऱ्याचा श्वास शेवटच्या महिन्यात असाच झाला होता. तू घरी जा, बाळा."

मी खोलीत येऊन कॅसेट लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द सोडून बाकीचं ऐकलं. प्रत्येक वाक्याआधी माय श्वास गोळा करत होती. त्यात बारीक खरखर होती, वाळू चाळल्यासारखी. खडीची धूळ होती ती. सहा महिने मी तिच्याशी गप्पा मारत होतो आणि हे माझ्या कानात शिरलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मी दाजींना तार केली, माय कशी आहे, खरं कळवा, मी निघतो. उत्तराचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. 'मातोश्रींची काळजी करू नये. त्यांची एकच इच्छा, शिक्षण पुरं करूनच यावं. अर्धवट आल्यास त्यांना फार दुःख होईल.' सर्व कुशल हे नेहमीचे दोन शब्द त्यात नव्हते. मी ते पत्र उलटंपालटं करून पाहिलं.

६

सहावी कॅसेट फेब्रुवारीत आली, चौऱ्याऐंशी साली. दोन रविवार मी ती टेबलावर तशीच ठेवली.

एकच प्रश्न मला खात होता. जी बाई माझं बोलणं माझ्याही आधी ऐकते, ती आहे कुठं? धडधाकट माणूस बेंबळीत चुलीपुढं बसून लीड्समधलं पुढच्या हिवाळ्यातलं बोलणं ऐकत नाही. मग मी मनाशी एक हिशेब मांडला. या वेळी तोंडातून अक्षर काढायचं नाही. तरीही ती नेहमीसारखी 'व्हय का', 'बास' म्हणत राहिली, तर सगळे माझ्या एकटेपणाचे खेळ, आणि माय घरी ठणठणीत आहे. मला तेवढंच हवं होतं. माय असायला हवी होती. तिनं मला ऐकलं नाही तरी चाललं असतं.

बाहेर बर्फ पडत होता. मी बटण दाबलं आणि तोंडावर हात धरला.

"नागू?"

ओ घशापर्यंत आली. मी ती गिळली.

"नागू? हायस न्हवं रं?"

गिरणी पुकपुकत होती. मी हाताचा चावा घेतला.

"बोलंना झालाय," ती बाजूला कुणालातरी म्हणाली. मग पुन्हा माझ्याकडे, "कामात आसचील. आस. म्या हाय बसलेली." आणि खरोखरच बसून राहिली. मी घड्याळ लावलं नव्हतं. खूप वेळ गेला. माझ्या उत्तराची वाट बघणारी ती एवढी मोठी जागा मला बघवेना, म्हणून मी डोळे मिटले. तेव्हा मला ती दिसली. क्षणभरच. वाकळेवर कुशीला वळलेली, अर्धी झालेली, आणि तिचा कान माझ्या बाजूला होता. मी दचकून डोळे उघडले. समोर टेपरेकॉर्डर आणि भिंत.

"नागू," ती म्हणाली, "म्या निघू का आता?"

आमच्या घरात न विचारता कुणी उंबरा ओलांडत नाही. जाणारा 'निघू का?' विचारतो आणि घरातलं माणूस 'नीघ' म्हणेपर्यंत पाय बाहेर टाकत नाही. शेतावर जाताना, बाजाराला जाताना, कामावर जाताना सुद्धा. चिडलेली माणसंही या एका शब्दासाठी दारात खोळंबून राहिलेली मी पाहिली आहेत.

मी काही बोललो नाही. कसं बोलणार होतो? कुठं निघालीस, असं विचारायचंही धैर्य झालं नाही. त्यानंतर टेपवर फक्त तिचा श्वास होता. या वेळी कासेच्या सुजेवर बोलणारे डॉक्टरसाहेब आलेच नाहीत. बाजू संपेपर्यंत ती वाट बघत होती. मी कॅसेट काढून पेटीच्या तळाशी ठेवली आणि पुढच्या रविवारी पत्ते कुटायला गेलो.

७

सप्टेंबरात मी पदवी घेऊन आलो. उस्मानाबादच्या स्टँडवर दाजी एकटेच न्यायला आले होते. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, तेव्हाच मला कळलं.

घरी अक्कानं मला आत नेऊन बसवलं. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मायचा फोटो होता.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या साली. वैशाखात. सोळा म्हैनं झालं."

म्हणजे तिसरी कॅसेट जूनमध्ये माझ्या हातात पडली, त्याच्याही आधी.

"तुला कळवायचं न्हाय ही तिचीच आण व्हती, नागू," अक्का म्हणाली. "सोलापूरच्या डाक्टरनं हात टेकले, तवा तिनं दाजींना संस्थेतला टेप आनाया लावला. चैताच्या उन्हात वीस दिसांत चार टेपा भरल्या. म्हनली, ह्या एकेक करून धाडा, पोरगं वरीस काढंल. बसायचं बळ न्हवतं, पर टेप लावला की गडी हुशार. बोलायची, मधीच गप व्हायची, हसायची. म्या म्हनायची, माय, कुनासंगं बोलतीस? ती म्हनायची, गप, नागू बोलाया लागलाय. दगडाखाली पानी कसं ऱ्हातं ते सांगाया लागलाय. आमाला वाटलं, तापात बरळतीया."

बाहेर गिरणी चालू झाली. अक्का पदरानं डोळे पुसत होती आणि तिला थांबवायचं मला सुचत नव्हतं.

"बसमधी कुनी बसत न्हाय पोराच्या शेजारी म्हनून रडलीसुदिक एकदा. हे तिला कुनी सांगितलं असंल रं?"

"शेवटच्या टेपला काय झालं?" मी विचारलं.

"तवा तू बोलला न्हाईस म्हनली. लई हाका मारल्या. डाक्टर म्हनला व्हता, ती रात काढनार न्हाय. तर अकरा दिस काढलं, नागू. पानी न्हाय, पेज न्हाय. निसता श्वास. टेप परत न्हेऊ देईना, उशाला ठिवून घेतला. इवलुसं तोंड करून कान लावून पडलेली. जीव जाईना. आमी समद्यांनी सांगितलं, माय, नीघ आता. दाजींनी सांगितलं, म्या सांगितलं. आमचं आयकंना. अकराव्या दिशी दुपारी एकाएकी डोळं उघडलं. म्हनली, बरं. बरं, बाळा. आन् गेली."

लीड्समध्ये मी भिऊन गप्प बसलो, ते मला माहीत होतं. त्यानंतर ती कॅसेट मी कधी लावली नव्हती. मग अकराव्या दिवशी ती 'बरं' कुणाला म्हणाली? मी तर तिला अजून काही सांगितलंच नव्हतं.

"टेपरेकॉर्डर कुठाय?"

संस्थेनं नवा घेतला होता, जुना दाजींकडेच राहिला होता. अक्कानं तो काढून दिला आणि मला एकट्याला सोडून ती चुलीकडे गेली. मी पेटीच्या तळातली कॅसेट लावली. "नागू?" मी ओ दिली. टेप काही बदलत नाही, हे मला माहीत होतं. ती हाका मारतच राहिली, आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत राहिलो. "म्या निघू का आता?" तिनं विचारलं आणि ती जागा सुरू झाली.

बोललो तर तिला मीच घालवणार होतो. नाही बोललो तर ती तशीच पडून राहणार होती, पाण्याशिवाय, कान लावून. मला तिला सांगायचं होतं, थांब, मी आलोय, मी हितंच हाय, तुझ्याच घरात. पोराला आईकडे याहून वेगळं काय मागायचं असतं? बाजू संपत आली होती. मी टेपरेकॉर्डरला तोंड लावलं.

"नीघ, माय," मी म्हणालो. "माझी काळजी करू नगंस. नीघ तू."

टेपवर काहीच आलं नाही. तिचा श्वास तसाच चालू होता. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचायला अजून अकरा दिवस लागणार होते.